इगर्जीची शेवटची नळी

दुपारच्या निवांतात स्वयंपाकघरातून आवाज आला, ‘पूंऽऽ’.

पाळण्यातलं पोर दचकलं. दारापुढच्या खळ्यात जाळं पसरून बसलेल्या सत्यवानाचा हात थांबला. आणि पडवीत भिंतीकडे तोंड करून पडलेला त्याचा म्हातारा बाप, गुणाजी, ताडकन उठून बसला.

"कोणी वाजवल्यान?"

सत्यवानाची बायको चंद्रावती धावतच आत गेली. चुलीपुढे तिची शेवंती गाल फुगवून उकिडवी बसली होती. जळणामागे दडवलेली नळी पोरीनं शोधून काढली होती आणि फुंकणी समजून राखेत फुंकली होती. अर्धी राख केसांत.

"आये, ह्या फुंकणीक जीव आसा गो!"

चंद्रावतीनं नळी झटकन पदराखाली घेतली. पण आता लपवून काय उपयोग? सत्यवान दारात उभा होता.

ती नळी इगर्जीतल्या, म्हणजे गावच्या चर्चमधल्या, ऑर्गनची. गुणाजीच्या आजोबाच्या वेळी तो गोव्याहून गलबतातून आला. गलबत काठाला लागेना, तेव्हा याच घरच्या माणसांनी छातीभर पाण्यातून त्याचे भाग डोक्यावर आणले, आणि पाद्रीनं मागच्या भात्याचं काम त्यांना दिलं. तेव्हापासून वाजवणारे बदलत गेले, पण वारा घालणारं घर एकच. घरच्या देवाला दिवा लावायचा आणि रविवारी इगर्जीचा भाता ओढायला जायचं, यात कुणाला कधी वावगं वाटलं नाही.

पुढे गोव्याची हद्द बंद झाली. दरवर्षी नळ्या साफ करायला तिकडून येणारा माणूस यायचा थांबला. खारा वारा आणि वाळवी, दोघांनी मिळून ऑर्गन आतून खाल्ला. एका रविवारी गाणं भरात असताना भात्याचं चामडं फाटलं. आवाज गेला, तरी गुणाजी दांडा ओढतच राहिला, कुणीतरी येऊन हात धरीपर्यंत. मग मुंबईहून पायपेटी आली. तिला वारा वाजवणाराच घालतो. ऑर्गनचं लाकूड सरपणाला गेलं, आणि नळ्या पाद्रीनं गुणाजीला दिल्या.

"ह्यो माका कित्याक? मी खंय वाजवणारो? मी वारो घालणारो," म्हणून त्यानं त्या मुलापुढे टाकल्या. बहुतेक नळ्या शिशाच्या. सत्यवानाला नव्या जाळ्याच्या काठाला वजनं हवीच होती. नळ्या वितळल्या, त्यांच्या गोळ्या झाल्या.

एक तेवढी चंद्रावतीनं काढून ठेवली. तिचं माहेर मसुऱ्याचं, समुद्रापासून आत, भातशेतीतलं. लग्न होऊन आली तेव्हा समुद्राचा आवाज तिला सोसत नसे. सारखा काहीतरी मागतोय असं वाटे. नवरा पाण्यावर, आणि ही घरातून दारात, दारातून घरात. अशा वेळी एखाद्या रविवारी संध्याकाळी इगर्जीतून तो आवाज यायचा, कुणी मोठ्या माणसानं लांब श्वास सोडावा तसा, आणि तिचा जीव जरा थाऱ्यावर येई. हे कुणाला सांगायचं तरी कसं?

"ह्यां बरां!" सत्यवान म्हणाला. "मी शिशासाठी गाव पालथो घालतंय, नि शिसां माझ्याच चुलीकडे!"

उद्या नारळी पौर्णिमा. होड्या सुटणार होत्या आणि जाळ्याचा एक काठ अजून वजनांवाचून होता. पण बायकोच्या तोंडाकडे बघून तो नरमला.

"ऱ्हवांदे. त्या काठाक मी दगड बांधतंय."

"दगड?"

"म्हणजे काय? बापजाद्यांनी बांधले नाय?"

तो परत जाळ्याकडे गेला. चंद्रावतीला मात्र आत राहवेना. दगडाचं जाळं पाण्याखालच्या खडपात, खडकांच्या कपारीत, अडकतं, हे तिला एव्हाना ठाऊक झालं होतं. मागच्या हंगामात शेजारच्या लवूचं तसंच अडकलं. सोडवायला त्यानं बुडी मारली. जाळं वर आलं, लवू आला नाही. त्याची नर्मदा अजून दिवेलागणीला किनाऱ्यावर जाऊन उभी राहते, आणि कुणी हाक मारली तर चिडते.

तिनं पोराला पाजायला घेतलं, ते पिईना. कडेवर घेऊन पडवीत आली. एकदा वाजवून बघायला नळी सासऱ्यापुढे धरली.

गुणाजीनं ती दोन्ही हातांत घेतली. पुसली. ओठांना लावली. फुंकली, तो नुसता खोकलाच आला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"माझ्या दंडात वारो होतो गो," तो म्हणाला. "छातीत नाय."

चंद्रावती खळ्यात गेली. सत्यवान दगडाला काथ्या गुंडाळत होता. काथ्या घसरत होता आणि तो दगडाला शिव्या देत होता.

"घेवा," तिनं नळी पुढे केली.

"अगो, मी म्हटलंय मां, ऱ्हवांदे."

"माका दगड नको."

त्यानं वर पाहिलं. मग काथ्या बाजूला ठेवला.

करवंट्यांचा निखारा फुलला. हातोडीखाली नळी चपटी झाली, तुकडे लोखंडी पळीत पडले, आणि बघता बघता पळीत नुसतं चकचकीत पाणी उरलं. सत्यवान ते मातीच्या साच्यांत ओतत होता. चंद्रावतीनं तोंड फिरवलं नाही. खाली समुद्र मागतच होता.

निवलेली एक गोळी शेवंतीनं उचलली. कानाला लावली. फुंकून पाहिली. पुन्हा गाल फुगवून जोरात फुंकली. मग आईचा पदर ओढला.

"आये, पाण्यात तेका वारो कोण घालतलो गो?"