ताडपत्रीखालच्या सव्वीस बॅगा

बोट धक्क्याला लागायच्या वीस मिनिटं आधीच सुपरवायझर उठून दाराशी जाऊन उभा राहिला. बायकोने दोनदा बाही धरून त्याला खाली बसवलं. तिसऱ्यांदा तिने नाद सोडला.

कुरियर कंपनीच्या सॉर्टिंग गोदामात त्याने एकोणतीस वर्षं काढली होती. पार्सल नुसतं उचलून तो वजन सांगायचा, आणि काट्याशी फरक पडलाच तर काटा दुरुस्तीला पाठवायचा. गोदामात त्याला सगळे ‘काटा’च म्हणत, अर्थात पाठीमागे. दोन महिन्यांपूर्वी चालत्या पट्ट्याशेजारी तो छाती धरून खाली बसला. पुढचं सगळं वेळेत झालं म्हणून निभावलं. आता सोमवारी कंपनीत पुन्हा कामावर रुजू व्हायचा फॉर्म द्यायचा होता. डॉक्टरांची सही झाली होती. दुसरी सही घरच्या माणसाची लागत होती, आणि घरचं माणूस म्हणजे बायको.

ती दातांच्या दवाखान्यात नंबर लावायची. दाढ ठणकणाऱ्या माणसालासुद्धा तासभर खुर्चीत बसवून ठेवणं हे तिचं रोजचं काम. तिने अट सरळ घातली होती. "तीन दिवस बेटावर राहायचं. कशाला हात लावायचा नाही, कुणाला शिकवायचं नाही. एवढं जमलं तर सही करते."

"आणि नाही जमलं तर?"

"तर घरी बसा आणि माझ्या नावाने खडे फोडा."

तीन दिवस म्हणजे काय, हां हां म्हणता निघून जातील, असं त्याला वाटलं होतं. पण धक्क्यावर उतरल्यावर पहिल्याच मिनिटाला त्याला कसंतरी झालं. बेटावर मोटारींना बंदी. हॉर्न नाही, इंजिन नाही, मागे सरकणाऱ्या ट्रकची टीं-टीं नाही. लोक रस्त्याच्या मधोमध चालत होते, आणि तेही कुणालाच कुठे पोचायचं नसल्यासारखे. त्याची मान सारखी मागे वळत होती. मागून काहीच येत नव्हतं.

सामान न्यायला हातगाड्या होत्या. समोरची गाडी एका बाईची. साठी ओलांडलेली, डोक्याला रुमाल बांधलेली. दंड मात्र पुरुषांना लाजवतील असे. सगळे तिला मावशी म्हणत होते. माणूस पुढे आला की ती एवढंच विचारायची, "कुठं उतरणार?" उत्तर ऐकायची, बॅग उचलायची आणि गाडीत कुठेतरी ठेवून द्यायची. चिठ्ठी नाही, नंबर नाही, खडूची खूणसुद्धा नाही.

"पावती?" सुपरवायझरने विचारलं.

"कसली?"

"बॅग दिल्याची."

"दादा, तुमच्या आधी बॅग पोचलेली असेल. तुम्ही चढ चढून या सावकाश."

"ऐकलंत ना? सावकाश," बायको म्हणाली. स्वच्छतागृहापुढची रांग बघून तिने पर्स काखेत मारली. "इथेच थांबा. मी आलेच."

मावशीने ताडपत्री ओढली, दोरी आवळली आणि सही करायला ती कचेरीच्या खिडकीकडे गेली. वाऱ्याने ताडपत्रीचा एक कोपरा उचलला.

आतलं त्याला बघवेना. पुठ्ठ्याच्या खोक्यावर लोखंडी कोपऱ्यांची ट्रंक. चाकांच्या बॅगा चाकांवरच उभ्या. सगळे जड नग गाडीच्या शेपटाला. म्हणजे दांड्या वर उसळणार आणि बिचारीला चढभर त्या दाबून धराव्या लागणार. त्याने तोंड फिरवलं. समोर समुद्र होता. समुद्र बघून झाला. रांगेत बायकोपुढे अजून नऊ जणी होत्या. खिडकीशी मावशी कुणाशी तरी वाद घालत होती. त्याचे हात शिवशिवायला लागले. नुसती ती एक ट्रंक खाली घ्यावी, खोकं तरी वाचेल, असं म्हणून त्याने गाठ सोडली.

ट्रंक निघाली की तिच्या जागी काहीतरी बसवावंच लागतं. दहा मिनिटांत सव्वीसच्या सव्वीस बॅगा निघाल्या आणि पुन्हा लागल्या. जड तळाला, नेमक्या चाकांवर. हलक्या वर. फटींत पिशव्या. त्याने ताडपत्री ओढली आणि गाठ होती तशीच मारली. सकाळपासून पहिल्यांदाच त्याचा जीव थाऱ्यावर आला. बायको परतली तेव्हा तो हात मागे बांधून समुद्राकडे बघत होता.

"बघा, जमतंय की," ती म्हणाली.

लॉज टेकडीच्या मध्यावर होतं. खोलीच्या दाराशी एक गुलाबी बॅग आणि मासे पकडायच्या काठ्यांचं गुंडाळं ठेवलेलं होतं.

"ही आपली नाही," बायको म्हणाली.

काय झालं ते सुपरवायझरला पुरतं कळलं नव्हतं, पण कुणी केलं ते कळलं होतं.

"येईल ती," तो म्हणाला. "गाडी अजून फिरत असेल."

"राखाडी बॅगेत तुमच्या गोळ्या आहेत. येईल ती काय? चला कचेरीत."

उतारावर तो तिच्या पुढे होता, मग मागे, मग पुन्हा पुढे. सांगून टाकावं असं दोनदा मनात आलं. दोन्ही वेळा सोमवारचा फॉर्म डोळ्यांपुढे आला आणि जीभ रेटेना. बॅग सापडेल, प्रकरण मिटेल, कुणाच्या बापाला कळणार आहे, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

कचेरी म्हणजे एक लांबट खोली, भिंतीलगत दोन बाकं आणि टेबलामागे हमालांच्या सोसायटीचा कारकून. पाच-सहा प्रवासी आधीच तावातावाने बोलत होते. मावशी दाराजवळच्या बाकावर बसली होती. रुमाल सोडून तिने मांडीवर ठेवला होता.

"सात तक्रारी," कारकून म्हणाला. "ही आठवी. मावशी, मी काय करू सांग."

"लिहून घे."

"लिहून घेतो. पण सभेत ठरलंय ना. साठीच्या पुढच्याची एक चूक झाली की गाडी दुसऱ्याच्या हातात. मी नाही ठरवलं."

"तू नाही, तुझ्या सासऱ्याने ठरवलं. त्याला गाडी पाहिजेच आहे."

कारकून टेबलावरचे कागद सारखे करू लागला.

"बॅगा कुठे गेल्या ते तरी सांगाल का?" बायकोने दवाखान्यातल्या आवाजात विचारलं. "आमच्याबरोबर पेशंट आहे."

"मला माहीत असतं तर इथं बसले असते का, ताई?" मावशी म्हणाली. "बॅगांची तोंडं मी बघत नाही, जागा बघते. शेपटाकडचं पहिल्या घरचं, नाकाकडचं टेकडीवरचं. डाव्या गल्लीचं डावीकडं, उजवीचं उजवीकडं. घर आलं की तिथलं उचलायचं. एकतीस वर्षं झाली. आजही तसंच उचललं." तिने रुमालाची घडी घातली, मोडली. "माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी गॅस विसरायची, मग दार. मग मला."

सुपरवायझर समोरच्या बाकावर बसून ऐकत होता. जागा हाच पत्ता. चिठ्ठी भिजायची भीती नाही, नंबर चुकायची भीती नाही. इतकी साधी आणि इतकी पक्की पद्धत त्याने सगळ्या नोकरीत पाहिली नव्हती, आणि ती ओळखायचं सोडून तो तिला पसारा समजला होता.

"मी शोधून देतो बॅगा," तो एकदम म्हणाला. "मला सवय आहे या कामाची."

"बॅगा सापडतील हो," कारकून म्हणाला. "बेट केवढंसं आहे. प्रश्न गाडीचा आहे."

"अहो, पाय थांबवा," बायको हळूच म्हणाली. त्याच्या गुडघ्याने अख्खं बाक हलत होतं.

त्याने पाय थांबवला.

"बॅगा मी हलवल्या," तो म्हणाला.

"काय?" बायको.

"तू रांगेत होतीस तेव्हा. गाडी नीट लावली नव्हती... म्हणजे मला तसं वाटलं. सगळ्या काढून पुन्हा लावल्या."

"सगळ्या?" कारकुनाने विचारलं.

"सव्वीस."

"ती लोखंडी ट्रंकसुद्धा तुम्ही उचललीत?" बायकोने विचारलं. तिला दुसरं काही सुचलंच नाही.

मावशी रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिने डोळे मिटून घेतले. एक प्रवासी पुटपुटला, कमाल आहे. मग तिने डोळे उघडले.

"ट्रंक कुठं ठेवलीत?"

"तळाला. चाकांच्या वर, मधोमध."

"आणि तिथलं काय काढलंत?"

"दोन चाकांच्या बॅगा. एक तपकिरी, एक काळी, मूठ तुटलेली. त्या नाकाकडे वर."

"म्हणजे त्या टेकडीवर, दीपगृहाच्या घरी पोचल्या. त्या होत्या डाव्या गल्लीतल्या." ती उठली. "पुढं?"

त्याने सांगितलं. एकेक बॅग तो सांगत गेला. आधी कुठे होती, नंतर कुठे ठेवली. ती प्रत्येकीचं घर सांगत गेली. त्याने खिशातून पेन काढलं तर म्हणाली, "कागद नको. तुम्ही तुमचं बोला." पाव तासात सव्वीस जागा जुळल्या. एकदाही ती अडली नाही. प्रवाशांतला एक जण खुर्ची ओढून ऐकायला बसला होता. कारकुनाने तक्रारींचे कागद एकावर एक ठेवले आणि कुणी न सांगताच खणात टाकले.

रिकामी गाडी घेऊन तिघं निघाले. मावशीने त्याला दांडीला हात लावू दिला नाही. "तुम्ही फक्त सांगायचं," एवढंच म्हणाली. घराघरातून बॅगा उचलल्या, आपापल्या दारी गेल्या. लोक वैतागलेले होते, काही जण हसले. राखाडी बॅग दीपगृहाच्या घरी सापडली. तिथल्या गृहस्थांनी ती उघडून गोळ्या बघितल्या होत्या, आणि कुणीतरी म्हातारं शेवटच्या घटका मोजतंय अशा समजुतीने बॅग पंख्याखाली सावलीत ठेवली होती.

"कसे आहेत ते?" त्यांनी काळजीने विचारलं.

"चालते-बोलते आहेत," बायको म्हणाली. "तेच तर दुखणं आहे."

सगळं आटोपलं तेव्हा उन्हं कलली होती. दोघं धक्क्याच्या पायऱ्यांवर बसले.

"आज बोलला नसतात तर मी सही केली असती," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"आता नाही करणार."

"बरं."

"बरं काय? भांडा की."

"ट्रंक उचलताना काही झालं नाही मला," तो म्हणाला. "ते दहा मिनिटंच काय ते बरं वाटलं. आता तू बघ त्याचं काय करायचं ते."

ती पर्सची चेन उघडत-मिटत राहिली.

मावशी गाडी ओढत त्यांच्यासमोरून निघाली. तो उभा राहिला. माफी मागायची ठरवलं होतं, तोंडातून भलतंच आलं.

"चढाला कशी वाटली गाडी? मी लावल्यावर?"

तिने त्याच्याकडे बघितलं, मग त्याच्या बायकोकडे. "हलकी होती," ती म्हणाली. "उद्या नऊच्या बोटीला धक्क्यावर दिसू नका."

संध्याकाळची बोट लागत होती. शिडी पडली, माणसं उतरू लागली, बॅगांचा ढीग व्हायला लागला. मावशी त्यात शिरली. "कुठं उतरणार?" तिचा आवाज इथपर्यंत येत होता. बायको पायऱ्या चढायला लागली. चार पायऱ्यांवर जाऊन ती थांबली आणि वळून बघू लागली. सुपरवायझर धक्क्याकडे तोंड करून उभा होता, हात पाठीमागे, बोटं बोटांत अडकवलेली. तिने हाक मारली नाही. त्याची पाठ धक्क्याकडे कधी वळते, ते बघत ती तशीच उभी राहिली.