पश्चिमेचं घर

मालनबाईंनी बैलगाडीचा कठडा घट्ट धरून ठेवला होता आणि त्या काही केल्या खाली उतरत नव्हत्या.

"माय, घर आलं," पुंजाराम मास्तर म्हणाले.

"दिसून राह्यलं मला," मालनबाई म्हणाल्या. पण बघत होत्या मागे, गावाच्या पलीकडे, जिथून निघाल्या होत्या तिकडे.

घरात खोट काढायला जागा नव्हती. गावाच्या पश्चिमेला, वाटूरच्या रस्त्यावर नवे प्लॉट पडले होते, तिथे मास्तरांनी ते हौसेने बांधलं होतं. बौद्धांची वस्ती गावाच्या पूर्व टोकाला. या भागात वारा बहुतेक वेळ पश्चिमेचा, आणि गाव वसवणाऱ्या शहाण्यांना वस्तीवरून आलेला वारा अंगाला लागू द्यायचा नव्हता. पुढे वीटभट्टी निघाली तेव्हाही त्यांच्या नातवंडांनी तोच हिशोब केला. भट्टी लागली गाव आणि वस्तीच्या मधल्या माळावर. धूर वस्तीवर, गाव मोकळं. मालनबाईंचा दमा तेव्हापासूनचा. एका उन्हाळ्यात त्यांचे ओठ निळे पडले आणि मास्तरांनी वस्ती सोडायचं ठरवलं.

नव्या घरात दमा खरंच उतरला. पण मालनबाईही उतरत चालल्या. भाकरी अर्धी राहू लागली, बोलणं त्याहून कमी झालं. सून बेबीनंदा कौतुकाने म्हणायची, "किती मोकळी हवा हाये ना, आत्याबाई?"

"हाये. पण नुसती हवाच हाये."

वस्तीत धुराबरोबर सगळं गावही त्यांच्या दारात यायचं. कुणाकडे पुरणाची डाळ शिजतेय, कुणाच्या मांडवात बुंदी पडतेय, हे मालनबाई ओट्यावर बसून सांगायच्या. शेजारच्या झुंबरबाई त्यावर पैज लावायच्या आणि दर वेळी हरायच्या. संध्याकाळी विहाराजवळ ढोलकी वाजली की दोघींची भांडणं मिटायची. इथे वारा यायचा तो रिकाम्या रानातून. त्याला कसलाच वास नव्हता. मालनबाईंना फार एकटं वाटायचं आणि लेकाच्या कष्टाकडे बघून तसं म्हणताही येत नव्हतं.

मार्गशीर्षात थंडी पडली आणि वारा फिरला. भट्टी नुकतीच पेटली होती. तिन्हीसांजेला धुराचा लोट गावावरून सरकत थेट मास्तरांच्या खिडकीत आला. गावात धडाधड दारं लागली.

मास्तर खिडकीकडे धावले. मालनबाई आधीच तिथे उभ्या होत्या. खोकत होत्या, पण झडपेवरचा हात काढत नव्हत्या.

"राहू दे. झुंबर शेळीवर खेकसून राह्यली. ऐकू दे."

झुंबरबाईंचा आवाज तसा खणखणीतच. वारा मागे असला की गाव ओलांडायचा.

"माय, जीव जाईल तुझा!"

"जाऊ दे. इथं कुठं लागून राह्यला तो?"

बोलून गेल्यावर त्यांनाच वाईट वाटलं. त्यांनी झडपेवरचा हात काढला आणि पदर तोंडाला लावून खाली बसल्या.

मास्तरांनी खिडकी लावली नाही. गावाच्या छपरांवरून येणारा धूर ते बघत राहिले. एवढं गाव, एवढा वारा, आणि आपण एकच बाजू धरून बसलो, असं त्यांच्या मनात आलं असावं. मग त्यांनी खिडकी लावली, कोपऱ्यातल्या चपला उचलल्या आणि आईच्या पायाशी आणून ठेवल्या.

"कुठं?"

"वस्तीत. आपल्या जुन्या घरी. समदा धूर इकडं आलाय, माय. तिकडं आज बिलकुल न्हाई."

मालनबाई लेकाकडे बघत राहिल्या. त्यांचा विश्वासच बसेना.

"आन् वारा असा किती दिस राहील?"

"थंडी हाये तवर. मधीच फिरला तर मी हायेच न्यायला."

मालनबाईंनी चपला तिथेच राहू दिल्या आणि आत जाऊन आधी लुगड्यांचं बोचकं बांधायला घेतलं.