मास्तरांची कात्री आणि बिननावाच्या गोळ्या

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. शिंप्याची. लोहाराच्या भट्टीतून निघाले ती थेट मास्तरांच्या हातात पडले. मास्तरांचा नेम ठरलेला. गिऱ्हाइकाच्या कापडाला नावाची चिठ्ठी टाचल्याशिवाय मला हात लावायचा नाही! लोक आमच्या कामाचं कौतुक करायचे आणि मी आपली फुगून जायचे.

पुढे मास्तरांचे हात थरथरू लागले, दुकान बंद झालं. मी खिळ्याला लटकले. अंगावर गंज चढला, कुणी विचारेना.

मग एके दिवशी मास्तरांनी मला पुसलं. काम काय, तर गोळ्यांची पाकिटं कापायची! मास्तरीणबाईंना अंधुक दिसायचं, म्हणून त्यांच्या गोळ्या मास्तरच द्यायचे. एक रक्तदाबाची, एक साखरेची. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही गोल. मास्तर एकेक गोळी सुटी कापून बटणांच्या डब्यात टाकत. औषधाचं नाव आणि मुदतीची तारीख कातरणाबरोबर केरात जाई. मी मात्र खूश होते. रिकामं बसण्यापेक्षा काहीही बरं.

एका सकाळी दूध तापवता तापवता बाई मटकन खाली बसल्या. "अहो, घर फिरतंय हो..."

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. लेक धावत आली, तिने आईला दवाखान्यात नेलं. रक्तदाब फार उतरला होता. साखरेची समजून रक्तदाबाचीच गोळी दोनदा पोटात गेली असावी, असं डॉक्टर म्हणाले. लेकीने डबा औषधवाल्यापुढे धरला, तर तोही म्हणाला, "ताई, नावच नाही, तर मी तरी काय ओळखणार?"

बाई बचावल्या, घरी आल्या. मास्तर उशाशी मान खाली घालून बसले होते. "माझ्याच हातून गेली असतीस गं तू."

बाई हसल्या. "जन्मभर कुणाच्या कापडाची चिठ्ठी हरवली नाहीत. आणि बायकोच्या गोळ्यांचीच कापून टाकलीत होय?"

मास्तर हसता हसता रडले. मलाही रडता आलं असतं, तर बरं झालं असतं.

सुट्या गोळ्या नष्ट करायला औषधवाल्याकडे दिल्या. मास्तरांनी मला धार लावली आणि निळं कापड पसरलं. कप्प्यांची पिशवी शिवली. प्रत्येक कप्प्यात एकाच औषधाचं अख्खं पाकीट, वर लेकीच्या ठळक अक्षरात नाव आणि वेळ. साखरेच्या कप्प्याला एक बटण, रक्तदाबाच्या कप्प्याला दोन. आता मास्तर नाव वाचतात, बाई बोटांनी बटणं चाचपतात, आणि दोघांचं जुळलं की मगच गोळी तोंडात जाते.

मित्रांनो, घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या गोळ्यांचं नाव कुणाला कापू देऊ नका. कात्री रिकामी बसली, तर बसू द्या. मी आनंदाने बसले आहे, कारण समोर बाई दूध तापवत आहेत.