कांद्यातला काळा गोल

मित्रांनो, मी एक सूक्ष्मदर्शक आहे. आता जुना झालो आहे. माझा जन्म अंबाल्याच्या एका कारखान्यात झाला. १९९८ साली मी कोल्हापूरजवळच्या उचगावातल्या एका नव्या शाळेत आलो. फाटकावर 'ब्रिटिश पद्धतीचे शिक्षण' अशी पाटी होती. मुलांना टाय होते आणि बऱ्याच पालकांना तेवढं पुरेसं वाटत होतं.

विज्ञानाच्या प्रीती मॅडमना ते पुरेसं वाटत नव्हतं. त्या मुलांना सांगत, "कितीतरी देशांतली मुलं या पद्धतीनं शिकतात. प्रयोग स्वतः करायचा, दिसेल ते लिहायचं आणि तसं का दिसलं, ते शोधायचं." म्हणून मी कपाटात नाही, मुलांच्या बाकावर असे. ते माझे सुखाचे दिवस होते.

सातवीतल्या संघप्रियानं एकदा कांद्याचा पापुद्रा पाहिला आणि वहीत जाड कडेचा काळा गोल काढला.

"कांद्यात टायर घावला व्हय गं?" शेजारचा शिवांश हसला.

पुस्तकातल्या चित्रात असा गोल नव्हता. तरी मॅडमनी तो खोडला नाही. "दिसलं तेच काढलंस, छान. आता ते काय आहे, शोध."

तिनं सुईनं वरची पातळ काच हळूच दाबली. गोल सरकला. पुन्हा दाबली, पुन्हा सरकला.

"मॅडम, ही हवा हाय! बुडबुडा! दाबला की पळतोय!"

हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

पालकांची मात्र तक्रार होती. "दुसऱ्या शाळेत धा धडे झाले, हितं अजून कांदाच चाललाय!" प्रयोग ठेवायचे की बंद करायचे, हे ठरवायला पालकांची सभा भरली. प्रयोग दाखवायला मॅडमनी मला आणि संघप्रियाला तिथं नेलं. संस्थेचे अध्यक्ष सयाजीराव माझ्यावर वाकले.

"मला तर माझ्याच पापण्या दिसत्यात की!"

सगळे हसले. त्यांनी माझा मोठा स्क्रू फिरवायला घेतला.

"काका, बाजूनं बघत फिरवा. भिंग काचेला लागंल," संघप्रिया म्हणाली.

"गप गं. म्या काय मशिनी बघितल्या न्हाईत व्हय?"

कर्रकन आवाज झाला. खालची काच फुटली आणि माझ्या सर्वांत मोठ्या भिंगाला तडा गेला.

सयाजीराव सरळ उभे राहिले. "बघा. पोरांच्या हातात असलं सामान दिलं की असंच हुतंय."

"काका, तुमीच फिरवलासा की."

संघप्रियानं वडिलांकडे पाहिलं. धोंडीराम पहिल्याच रांगेत होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं.

"मोठ्यास्नी उलटं बोलू नगंस," ते मान खाली घालून म्हणाले.

एकट्या प्रीती मॅडम उठून बोलल्या. तोवर हात वर झाले होते. प्रयोग बंद झाले. मी कपाटात गेलो, वर्ष संपल्यावर मॅडमही शाळा सोडून गेल्या.

पुढच्या परीक्षेत संघप्रियानं कांद्याचा पापुद्रा काढला. पुस्तकातल्यासारखा, विटांच्या भिंतीसारखा नीटनेटका. तिला पूर्ण गुण मिळाले. त्यानंतर तीन वर्षं ती माझं कपाट असलेल्या खोलीतच बसली, पण तिनं काही विचारलेलं मी ऐकलं नाही.

माझी बाकीची दोन भिंगं आजही शाबूत आहेत. ते पाहायलाही कोणी कपाट उघडलं नाही.

मित्रांनो, तुमच्या शाळेत असं कपाट असेल, तर त्याची किल्ली मागा. काच फुटली तर नवी बसवता येते. आणि तुमच्या वर्गातली एखादी मुलगी दिसलं तेच सांगत असेल, तर तिला एकटं पाडू नका. तुम्हीही पाहिलं असेल, तर तसं म्हणा.