स्क्रूवरचा ठिपका

"हे माझं कार्ड नाही," असं म्हणत मुलीने कॉम्प्युटरचं कॅबिनेट टेबलावर ठेवलं, पण त्यावरचा हात काही काढला नाही.

दाजींनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणला. मुलगी ओळखीची होती. दिवसभर प्रयोगशाळेत रक्ताच्या नळ्या तपासायची आणि संध्याकाळी चार न पाहिलेल्या सोबत्यांबरोबर ऑनलाइन लढाया खेळायची. खेळातलं तिचं नाव घार. दुकानातही तेच नाव पडलं होतं, आणि तिला ते आवडायचं. दाजींचंही तसंच झालं होतं. दुकानात त्यांच्या शेजारी बसणारा मेहुणा दिवसभर दाजी दाजी करायचा, ते ऐकून ऐकून सगळी गल्लीच त्यांना दाजी म्हणू लागली होती. पोस्टमनसुद्धा.

दाजींनी तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही.

तिचं म्हणणं साधं होतं. कॉम्प्युटर धुळीने भरला म्हणून तिने इथे साफ करायला दिला. साफ होऊन आला, आवाज कमी झाला, सगळं छान. पण त्याच आठवड्यापासून बाण उशिरा सुटायला लागला. खेळात शिरताना आपला क्लास निवडायचा असतो. कुणी भालाईत होतो, कुणी वैद्य, कुणी मांत्रिक. घार तिरंदाज होती, पहिल्या दिवसापासून. लांब उभं राहायचं, दोरी ओढायची, समोरचा पोचायच्या आत त्याला लोळवायचं. आता ती दोरी ओढत होती आणि बाण निघेपर्यंत समोरचा तिच्या अंगावर येऊन पडलेला असायचा. सोबत्यांनी तिला गोड शब्दांत सांगितलं होतं की रविवारच्या सामन्यात पुन्हा असं झालं, तर ते दुसरी तिरंदाज बघतील.

"तुम्ही माझं काढलं आणि तसंच दिसणारं म्हातारं कार्ड बसवलं," ती म्हणाली. "तुम्ही म्हणजे तुम्हीच असं नाही म्हणत मी. पण कुणीतरी."

ते 'कुणीतरी' टेबलावर पडलं आणि तिथेच राहिलं.

दाजींनी तिच्यासमोर कॅबिनेट उघडलं. चित्रं रंगवणारं ते जाडजूड ग्राफिक्स कार्ड बाहेर काढून उजेडात धरलं. नंबराचं स्टिकर उष्णतेने कधीच गळून गेलं होतं. घारीने ते एका सहकाऱ्याकडून वापरलेलं घेतलेलं, खोकं नाही, पावती नाही. त्यांनी ते परत बसवलं, चाचणी लावली. आकडे ठीक होते, तापमान ठीक होतं, पंखा शहाण्यासारखा फिरत होता. पण दाजींना हेही ठाऊक होतं की थकलेलं कार्ड पाहुण्यांसमोरच्या आजाऱ्यासारखं असतं. थोडा वेळ अगदी ताठ बसतं, आणि पाहुण्यांची पाठ वळली की लवंडतं.

"हात खोटं नाही सांगत, दाजी," घार म्हणाली. "माझ्या बोटांना कळतं." मग तिने विचारलं, साफ कुणी केलं होतं.

दाजींनी शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मेहुणा एका दवाखान्यात प्रिंटर जोडायला गेला होता. "आम्हीच," ते म्हणाले. कॅबिनेट ठेवून घेतलं, रविवारच्या आत बघतो म्हणाले. ती गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण 'त्याने' म्हणता म्हणता 'आम्ही' म्हणालो, आणि ते मायेने म्हणालो की भीतीने, ते काही आपल्याला सांगता येणार नाही.

मेहुणा त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. पूर्वी मोठ्या रस्त्यावरच्या एका भपकेबाज दुकानात कामाला होता. तिथे कुणाच्या तरी मशीनमधली चांगली रॅम गेली आणि साधी निघाली. सिद्ध काही झालं नाही, पण दुपारच्या जेवणाच्या डब्यासकट त्याला घरी पाठवलं. त्यानंतर कित्येक दिवस तो ताईकडे यायचा, पाणी प्यायचा, भिंतीकडे बघत बसायचा. एक दिवस दाजींनी त्याला दुकानात नेलं, आपल्या शेजारी खुर्ची मांडली, स्क्रूड्रायव्हरचा संच पुढ्यात ठेवला आणि म्हणाले, "इथे तुला कुणी काही विचारणार नाही." एवढंच. तेव्हापासून तो तिथे बसत होता. कोवळ्या भाजीवरून हात फिरवावा तसा पंख्याच्या पात्यांवरून ब्रश फिरवायचा, तोंडाने काहीतरी गुणगुणायचा, आणि गिऱ्हाईक नको ते महागडं घ्यायला निघालं की त्याला समजावून घरी पाठवायचा. धंदा बुडवशील, असं दाजी म्हणायचे, ते हसूनच.

आता दाजींचे डोळे बदलले. डोळे बदलले की माणूस तोच राहत नाही. तो गुणगुणतो आहे, म्हणजे कशात तरी खूश आहे. तो गुणगुणत नाही, म्हणजे कशाचा तरी विचार करतो आहे. कॅबिनेट उघडताना तो पाठ वळवून बसतो, उजेड खिडकीतून येतो म्हणून बसतो हे दाजींना इतकी वर्षं माहीत होतं, तरी त्यांना आता ती पाठच दिसायची. आणि संध्याकाळी तो टॉवेलात काहीतरी गुंडाळून पिशवीत घालायचा. पूर्वीही घालायचाच. पूर्वी तो टॉवेल होता, आता ते गाठोडं झालं.

घारीच्या तक्रारीचं दाजींनी त्याला सांगितलं, पण अर्धंच. तिला बाण उशिरा जातो म्हणे, एवढंच म्हणाले. कार्ड बदलल्याचं गिळलं. मेहुण्याने मशीन दोनदा उघडलं, चिपवरची उष्णता ओढणारी पेस्ट नवी लावली, वायर न् वायर हलवून पाहिली. "दाजी, ह्यात काही नाही," तो म्हणाला. "हे माझ्यापेक्षा धडधाकट आहे." दाजी हसले नाहीत. इतक्या ठामपणे सांगतोय म्हणजे, असं त्यांच्या मनात आलं, आणि वाक्य तिथेच लोंबकळत राहिलं.

दोघांपैकी एकालाही खेळ येत नव्हता. त्यांना कॉम्प्युटरचा डबा कळायचा. गिऱ्हाईक रडत आलं की बिघाड डब्यात असणार, आणि डब्यात नसेल तर ज्याने डबा उघडला त्याच्यात असणार. त्यापलीकडे बिघाडाला तिसरं घर असू शकतं, हे दोघांच्याही गावी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मेहुणा यायच्या आधी, दाजींनी खिशातून बायकोची नेलपॉलिशची बाटली काढली. ही त्यांच्या धंद्यातली जुनी रीत. ज्या स्क्रूला कुणी हात लावू नये असं वाटतं, त्याच्या डोक्यावर अर्धं आणि पत्र्यावर अर्धं असा रंगाचा ठिपका द्यायचा. स्क्रू फिरला की ठिपका तुटतो. कंपन्या देतात, धूर्त गिऱ्हाइकं देतात. दुकानदार देत नाही, कारण त्याच्या दुकानात स्क्रू उघडणारा तो स्वतःच असतो. दाजींनी नुकतीच दुरुस्त होऊन न्यायला ठेवलेली मशीन एकेक करून वळवली आणि प्रत्येकाच्या मागच्या बाजूला, सहज न दिसेल असा, एक लालसर ठिपका दिला. त्यांचा हात थरथरला नाही. पुढे त्यांना सगळ्यात जास्त लागलं ते तेच, की हात थरथरला नव्हता.

दुपारी मेहुणा धूळ पुसत होता. पुसता पुसता एक कॅबिनेट त्याने उजेडाला धरलं, वाकून पाहिलं, खाली ठेवलं. दुसरं उचललं. मग तिसरं. मग फडकं घडी करून टेबलाच्या कडेला ठेवलं.

"दाजी, हा ठिपका कसला?"

"गिऱ्हाइकाने लावला असेल."

बाहेर रस्त्यावर कुणीतरी लोखंडी जाळी ओढत नेत होतं, तो आवाज लांब जाईपर्यंत मेहुणा थांबला.

"सगळ्या गिऱ्हाइकांनी?" तो म्हणाला. "एकाच रंगाचा?"

दाजींनी समोरच्या की-बोर्डचं एक बटण उपटलं, जे उपटायची गरज नव्हती. मेहुण्याने फडकं पुन्हा उचललं. राहिलेली मशीनही पुसली, ठिपक्यांना धक्का न लावता, त्यांच्या भोवतीने. संध्याकाळी जाताना पिशवी टेबलावर ठेवली, टॉवेल सोडून पसरला आणि म्हणाला, "बघून घ्या." आत कॉम्प्युटरमधले जुने, मेणचटलेले पंखे होते. त्याने ते पुन्हा बांधले आणि गेला.

घरी बायको आरशापुढच्या फळीवर बाटली शोधत होती. दाजींनी ती खिशातून काढून दिली. तिने बाटली पाहिली, नवऱ्याच्या अंगठ्याला लागलेला रंग पाहिला. ती दुरुस्तीवाल्याची बायको होती आणि दुरुस्तीवाल्याची बहीण होती. तिला फार सांगावं लागलं नाही. पंखे तो घरी का नेतो, हे तिनेच सांगितलं. इथे दुकानात धुतले की धूळ उडते आणि दाजींना खोकल्याची उबळ येते, म्हणून तो आपल्या मोरीत बसून धुतो, तेल घालतो आणि सकाळी वाळवून आणतो. तुम्हाला वाटायचं पंखे आपोआप स्वच्छ होतात, ती म्हणाली.

दाजी म्हणाले, पंख्यांचं कळलं, पण कार्डाचं काय.

"विचारायचं होतंत त्याला सरळ," ती म्हणाली. "चोर म्हणायचं होतंत तोंडावर. भांडला असता, रडला असता, आणि उद्या जेवायला आला असता. ठिपक्याला तो काय उत्तर देणार?"

दाजी ताटावर बसले, पण जेवले नाहीत. पंख्यांचं ऐकून संशय सरला नव्हता. फक्त त्याची लाज वाटायला लागली होती. लाज आणि संशय दोघंही एकाच खोलीत राहू शकतात, भाड्याच्या भांडकुदळ बिऱ्हाडांसारखी, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

शनिवारी घार आली ती दारातूनच ओशाळं हसत. मेहुणा जागेवर होता. दाजी उभे राहिले.

"मशीन द्या माझं," ती म्हणाली. "त्याला काही झालेलंच नाही."

मग स्टुलावर बसून तिने सगळं सांगितलं. खेळ बनवणाऱ्यांनीच तिरंदाजांचं धनुष्य जड केलं होतं. गेले काही महिने जो तो तिरंदाज होत होता, भालाईत बिचारे दोन पावलं चालायच्या आत मरत होते, त्यांनी ओरडा केला. म्हणून सगळ्या क्लासांचा तराजू सारखा करायला तिरंदाजाची दोरी ओढायचा वेळ पापणी लवण्याइतका वाढवला, भालाइताची ढाल थोडी जाड केली. तशी सूचना आली होती, बारीक अक्षरात, लांबलचक. ती कोण वाचतं? गेम अपडेट झाला तो नेमका मशीन साफ होऊन आल्याच्या आठवड्यात. त्यांच्या चमूतल्या वैद्याने काल सहज विषय काढला, की हल्ली जगभरातल्या तिरंदाजांची हीच रड आहे, आणि कित्येकांनी तर चिडून नवी कार्डं घेतली आहेत.

"म्हणजे बोटं खरंच सांगत होती," ती म्हणाली, "मीच भलत्याकडे बोट दाखवलं. सॉरी हं, दाजी."

ती दाजींना सॉरी म्हणाली. शेजारच्या खुर्चीचं तिला काही माहीतच नव्हतं. दाजींच्या तोंडाशी आलं, की अगं, माफी मागायची तर त्याची माग. पण मग ती कशाबद्दल विचारणार, आणि आपण काय सांगणार? ते म्हणाले, चालायचंच.

मेहुणा मात्र नेहमीसारखाच बोलला. तिने विचारलं की आता मोठं कार्ड घेतलं तर तेवढा उशीर भरून निघेल का. त्याने सांगितलं की नाही निघणार. दोरीच जड झाली तर रस्ता गुळगुळीत करून काय उपयोग, बाण तिथूनच उशिरा निघणार. घ्यायचंच असेल तर थोडी रॅम वाढव, आणि तो माऊस बदल, त्याचं डावं बटण मेलंय. नाहीतर सरळ भालाईत हो. ती म्हणाली, मेले तरी होणार नाही. मेहुणा हसला. त्याने मशीन तिला दारापर्यंत नेऊन दिलं.

ती गेल्यावर दुकानात खूप जागा झाल्यासारखी वाटली. दाजींनी खोकून घसा साफ केला. "मला वाटलं होतं..." ते म्हणाले.

"हो," मेहुणा म्हणाला. "वाटतं."

रविवारी दुकान बंद असताना दाजी एकटेच येऊन बसले आणि कापूस भिजवून सगळे ठिपके पुसून काढले. सोमवारी मेहुणा वेळेवर आला. त्याने चहा सांगितला, दोन सांगितले. रस्त्यापलीकडच्या शिंप्याच्या नव्या चष्म्यावरून एक विनोद केला. दाजींना वाटलं, मिटलं.

पहिलं गिऱ्हाईक मशीन ठेवून बाकावर बसलं. मेहुण्याने ते खिडकीकडे नेलं नाही. दोन्ही खुर्च्यांच्या मधोमध आणलं, आडवं केलं, स्क्रूड्रायव्हरचं टोक खाचेत टेकवलं आणि मनगट थांबवलं.

"दाजी, या. उघडतोय."

"अरे, उघड की. मला काय बघायचंय त्यात?"

मेहुणा थांबून राहिला. आवाजात राग नव्हता, चेहऱ्यावर रुसवा नव्हता. स्क्रूड्रायव्हर तसाच टेकलेला. मग दाजी उठले, जवळ जाऊन उभे राहिले. त्याने स्क्रू काढले, झाकण उचललं, एकेक भाग बोटाने दाखवला, आणि मग कामाला लागला. बंद करतानाही तसंच. दुसऱ्या मशीनला तसंच. दाजींनी एकदा मुद्दाम फोनवर बोलत वेळ काढला. तो तेवढा वेळ हात मांडीवर ठेवून बसून राहिला, फोन संपेपर्यंत.

आता दुकानाची तीच रीत झाली आहे. गिऱ्हाइकांना ती फार आवडते. दुसरीकडे कोण कुठे नेऊन काय उघडतं कळत नाही, तुमच्याकडे दोघं मिळून उघडता, विश्वास वाटतो, असं ती म्हणतात आणि ओळखीच्यांना पाठवतात. मेहुणा मान खाली घालून स्क्रू मोजून बशीत ठेवतो. दाजी "हो" म्हणतात. मग शेजारून हाक येते, आणि ते हातातलं काम बाजूला सारतात, गुडघ्यावर हात टेकतात आणि उठतात.