पाचवं पान

बाळांनो, एक खोली डोळ्यांसमोर आणा बरं. रविवारची संध्याकाळ. टेबलावर बरणीला टेकवून मोबाइल उभा केलाय. समोर एक मुलगी बसलीय. एका जागी ठरत नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणतात. आज मात्र ती जागची हललेली नाही.

भिंगरीची आई दूर परदेशात एका आजीबाईंची देखभाल करायची. दर रविवारी ती फोनवर दिसे, तीही दहाच मिनिटं. आजीबाईंना डोळ्यांनी दिसत नव्हतं आणि जेवण झालं की त्यांना कुणीतरी वाचून दाखवावं लागे. नेमकी तीच वेळ! "चल राणी, आजी वाट बघताहेत," म्हणत आई उठायची, आणि भिंगरी गाल फुगवून रिकाम्या खुर्चीकडे बघत बसायची.

एके दिवशी तिनं डोकं चालवलं. आजींना आपणच वाचून दाखवलं तर? आई अर्धा तास समोर बसेल. काही बोलली नाही तरी चालेल, पण दिसेल तरी.

पण आजींचं पुस्तक होतं स्पॅनिशमध्ये. खालच्या गाळ्यातले घड्याळवाले काका तरुणपणी जहाजावर होते, त्यांना ती भाषा यायची. भिंगरीनं त्यांच्याकडे धरणंच धरलं. आईनं पानांचे फोटो पाठवले, काकांनी ते कागदावर छापून आणले आणि शिकवणी सुरू झाली.

काका म्हणाले, आ, ए, ई, ओ, ऊ तुला येतात ना, मग निम्मा गड सर झाला; तिकडे हे पाचही स्वर शहाण्यासारखे वागतात, कधी आवाज बदलत नाहीत. 'एच' म्हणजे तोंडाला कुलूप लावून बसलेला पाहुणा, त्याला ओलांडून पुढे जायचं. आपल्या वर्णमालेत बिनकामाचा बसलेला 'ञ' तिकडे मात्र नोकरीला आहे. अडलं ते दोन 'र' शेजारी आले तेव्हा. भिंगरीची जीभ काही थरथरेना. काकांनी जुनं घड्याळ तिच्या कानाशी धरून त्याला किल्ली दिली. "र्र्र्र... ऐकलंस? आता तू."

महिनाभरात चार पानं बसली. दीपस्तंभ सांभाळणाऱ्या माणसाची गोष्ट होती ती.

आज आईनं फोन आजीबाईंच्या उशाशी ठेवला आणि स्वतः मागच्या खुर्चीत बसली. भिंगरी वाचू लागली. एके ठिकाणी आजीबाईंनी अडवून दोन 'र' घोळवून दाखवले. भिंगरीनं तस्सेच घोळवले. आजीबाई खुदकन हसल्या. पान उलटताना भिंगरीनं आईकडे बघितलं.

आईचा डोळा लागला होता. मान एका बाजूला, हात मांडीवर सैल. आई इतकी दमलेली असते हे भिंगरीनं कधी पाहिलंच नव्हतं, कारण फोनवर ती नेहमी हसतच असायची.

चौथं पान संपलं.

"मास," आजीबाई म्हणाल्या. म्हणजे आणखी. त्यांना कुठं दिसत होतं आई झोपलीय ते! आता थांबलं की त्या आईला हाक मारणार. आणि पाचवं पान तर काकांनी शिकवलंच नव्हतं.

भिंगरीनं आईकडे एकदा डोळे भरून बघितलं. मग पाचव्या पानाच्या पहिल्या अक्षराखाली बोट ठेवलं, आवाज हळू केला, आणि एकेक अक्षर जुळवत वाचायला लागली.