पाचशे पिल्लांची ऊब

"मशीन एक आणि मागणारं सगळं गाव! मी काय धरण बांधलंय का?" खटपट्या दारातूनच ओरडला, तशी रिकाम्या घागरी घेऊन आलेली दोन माणसं आली तशी परत गेली.

वीज जाऊन आज सहावा दिवस होता. वादळाने खांब आडवे केले, रस्त्यावर झाडं पाडली, आणि दुरुस्तीची गाडी येणार येणार म्हणता म्हणता अजून गावाच्या वेशीलाही लागली नव्हती. वादळ गेलं ते मागे बारीक पाऊस आणि हाडात शिरणारा गारठा ठेवून. अख्ख्या गावात उजेड होता तो फक्त खटपट्याच्या कोंबड्यांच्या शेडमध्ये. तिथे आठ बल्बांखाली, तुसावर, दहा दिवसांची पाचशे पिल्लं बसली होती.

जनरेटर गुडघ्याएवढा, दोरी ओढून चालू होणारा. कुणीतरी भंगारात काढलेला हा जीव खटपट्याने महिनाभर खपून जिवंत केला होता. गावाने त्याला हे नाव उगाच नव्हतं दिलं. गेल्या खेपेला वीज एकच रात्र गेली, तर तीनशे पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढून गारठून मेली होती. पाट्या भरभरून ती पुरताना त्याची बायको, घरातली थोरली सून, ढसाढसा रडली होती. या खेपेला एकही पिल्लू जाऊ द्यायचं नाही, असं दोघांनी ठरवलं होतं. पहिले तीन दिवस त्यांनी जनरेटरवर मोटर चालवून मागेल त्याला पाणी उपसून दिलं. चौथ्या दिवशी पेट्रोलचा डबा हलका लागला, तसा खटपट्याचा हातही आखडला.

"आता शेडमध्येच नेतो मशीन," तो बायकोला म्हणाला. "भिजायचं नाही, आवाज बाहेर जायचा नाही, आणि वर पिल्लांना ऊब."

"आणि धूर?"

"मी काय दुधखुळा आहे? पाइप काढतो की भिंतीबाहेर."

त्याने पन्हाळीचा पत्र्याचा तुकडा मशीनच्या तोंडाला बसवला, चिंध्या गुंडाळल्या आणि दुसरं टोक भिंतीतल्या भोकातून बाहेर काढलं. आवाज दबावा म्हणून फटींत पोती कोंबली. थोरलीने दारात उभं राहून हुंगून पाहिलं. डोळे चुरचुरले नाहीत. जन्म चुलीपुढे गेलेल्या बाईला धूर काय तो कळतो, असं तिला वाटलं.

"मी इथंच पडतो जरा," तो म्हणाला. पाच रात्री त्याने डोळ्याला डोळा लावला नव्हता. "दाणे टाकायच्या वेळी उठव."

पिल्लं पाळणाऱ्याचं अर्धं काम कानाचं. थंडी वाजली की पिल्लं कालवा करतात, ऊब मिळाली की गप्प होतात. थोरली स्वयंपाकघरात भांडी घासत ऐकत होती. आधी चिवचिवाट होता, मग तो उणा होत गेला, मग थांबला. तिचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात भिंतीपलीकडची धाकटी जाऊ बादली घेऊन आली.

"ताई, तासभर मोटर चालवू द्या. गाय आज-उद्या व्यायची आणि हौदात थेंब नाही."

"मशीन बंद पडलंय गं."

"आवाज येतोय की भिंतीतून."

थोरली ओशाळली. मग ओशाळल्याचाच तिला राग आला. "अगं, सहा दिवसांनी डोळा लागलाय त्यांचा. दुपारनंतर ये."

"दारातूनच विचारते भाऊजींना. नाही म्हणाले तर नाही."

"नको म्हटलं ना. माझ्या माणसाला घटकाभर झोपू दे."

"झोपू देत बाई," धाकटी म्हणाली आणि रिकामी बादली घेऊन निघून गेली.

तिला वाटेला लावून थोरलीने शेडचं दार हातभर उघडलं. तो कुशीवर झोपला होता. गालांवर चांगली लाली आली होती. पिल्लं बल्बांखाली ऐसपैस पसरली होती, एकाचाही आवाज नव्हता. तिने आत जाऊन त्याच्या अंगावर गोधडी घातली आणि ऊब निसटू नये म्हणून घाईने दार ओढून घेतलं. तिचंही डोकं जरा जड झालं. जागरण, दुसरं काय, असं तिने मनाला सांगितलं.

दुपारी ती दाण्याचा डबा घेऊन आली. डबा वाजला की पिल्लं पायांवर चढायची. आज एकही हललं नाही.

"अहो," ती म्हणाली. "अहो, उठा."

मशीनच्या थरथरीने पत्र्याचा पाइप कधीच निसटला होता. त्याचं तोंड तुसावर पडलं होतं.

तिची किंकाळी ऐकून धाकटी भिंतीवरून उडी मारून आली. दोघींनी त्याला बगलेत धरून बाहेर ओढलं. धाकटी तोंडाला पदर लावून परत आत शिरली आणि तिने मशीन बंद केलं. गावातला कंपाउंडर आला, मनगट धरून बराच वेळ बसला आणि मग ते त्याने अलगद खाली ठेवलं.

अंगण भरलं. बायका थोरलीला धरून बसल्या. पुरुष पायांच्या अंगठ्यांनी माती उकरत उभे होते.

"सासरी लेकीला कळवायला हवं," कंपाउंडर हळूच म्हणाला. "ती आल्याशिवाय कसं उचलायचं?"

खिशाखिशांतून मोबाइल निघाले. सहा दिवसांत सगळे मेले होते. सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट आली होती आणि ती तोंडातून काढायची कुणाची छाती होत नव्हती.

थोरली उठली. शेडमध्ये जाऊन तिने मशीन फरफटत अंगणात आणलं, वर पत्रा आडवा धरायला धाकटीला उभं केलं आणि दोरी ओढली. चौथ्या ओढीला ते सुरू झालं. आपला मोबाइल तिने त्याला जोडला. पडद्यावर उजेड यायला बराच वेळ लागला.

"आई!" लेकीचा आवाज फुलून आला. "फोन लागला म्हणजे वीज आली वाटतं? पिल्लं वाचली का गं?"

थोरली बोलली. पण मशीनच्या धडधडाटात तिकडे काही पोचेना.

"ऐकू येत नाही, आई. कसला आवाज आहे? मोठ्याने बोल."

मशीन थांबवलं असतं तर फोन गेला असता. म्हणून जे कानात सांगायलाही जीभ रेटली नसती, ते थोरलीने भर अंगणात घसा फोडून दोनदा सांगितलं.